धर्मग्रामाची बोली आणि पुस्तकाची भाषा : स्लोव्हेन साहित्याच्या निमित्ताने

एखाद्या भाषेतील सर्वांत जुने लेखन कोणते, असे विचारले तर बहुधा राजाज्ञा, दानपत्र किंवा शिलालेख यांच्याकडे बोट दाखविले जाते. मराठीचे तसेच आहे. आल्प्स पर्वत आणि एड्रियाटिक समुद्र यांच्या बेचक्यात राहणाऱ्या स्लोव्हेन लोकांच्या भाषेची कथा मात्र निराळी आहे. तिचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखन म्हणजे पापनिवेदनाची प्रार्थना होय. बव्हेरियातील फ्रायझिंग येथील बिशपांच्या एका लॅटिन पोथीत स्लोव्हेन भाषेतील तीन मजकूर आढळतात. पहिला आणि तिसरा हे पापकबुलीचे नमुने आहेत, तर दुसरा पाप आणि पश्चात्ताप यांवरील प्रवचन आहे. इ. स. ९७२ ते १०३९ या काळात ते लिहिले गेले असावेत असे विद्वान मानतात. रोमन लिपीत लिहिलेले कोणत्याही स्लाव्ह भाषेतील हे सर्वांत जुने मजकूर असून सध्या ते म्युनिक येथील ग्रंथालयात जतन केलेले आहेत.

आपल्या अपराधांची कबुली देण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला लॅटिन येत नव्हते आणि धर्मगुरूला त्याचे म्हणणे समजून घ्यायचे होते, एवढ्या साध्या गरजेतून एका भाषेला लेखणी मिळाली. ही घटना आम्हांस मोलाची वाटते. स्लोव्हेन साहित्याच्या पुढील हजार वर्षांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. देवाशी बोलताना माणसाने कोणती भाषा वापरावी, घरची बोली की पुस्तकाची भाषा? या प्रश्नाच्या अनुरोधाने त्या साहित्यातील काही ग्रंथांचे, विशेषतः फ्रान्से बेव्क यांच्या एका कादंबरीचे, मूल्यमापन करण्याचा आमचा येथे हेतू आहे.

प्रथम त्या भाषेची ठेवण समजून घ्यावयास हवी. स्लोव्हेन बोलणारांची संख्या सुमारे वीस लाखांच्या आसपास आहे. स्लोव्हेनियाचे क्षेत्रफळ जेमतेम वीस हजार चौरस किलोमीटर भरते. तरीही एवढ्याशा प्रदेशात चाळिसांहून अधिक बोली नांदतात. फ्रान रामोव्श या भाषापंडिताने १९३१ साली त्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्यांचे सात गट पाडले. डोंगर, दऱ्या, घनदाट अरण्ये आणि शतकानुशतकांच्या राजकीय सीमा यांनी एका खोऱ्यातील माणूस दुसऱ्या खोऱ्यापासून वेगळा राखला. परिणामी पूर्वेकडील प्रेकमुरिये भागातील शेतकरी आणि पश्चिमेकडील रेझिया खोऱ्यातील मेंढपाळ आपापल्या घरच्या बोलीत बोलू लागले, तर त्यांना एकमेकांचे म्हणणे समजणे कठीण जाते. आणखी एक वैशिष्ट्य आपल्या वाचकांना विशेष रुचेल. संस्कृतात असलेले आणि मराठीने सोडून दिलेले द्विवचन स्लोव्हेन भाषेने आजतागायत जपले आहे. पतिपत्नी, दोन भावंडे, दोन मित्र यांच्याविषयी बोलताना तेथे क्रियापदाचे वेगळे रूप योजावे लागते.

इतक्या बोलींमधून एक ग्रंथभाषा कशी उभी राहिली, हे सांगताना कॅथलिक वाचकांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. स्लोव्हेन भाषेतील पहिले छापील पुस्तक आपल्या पंथाच्या माणसाने दिलेले नाही. प्रिमोझ त्रुबार हा मूळचा कॅथलिक धर्मगुरू. पुढे तो प्रॉटेस्टंट चळवळीत सामील झाला आणि १५५० साली त्याने जर्मनीतून एक प्रश्नोत्तरी आणि एक अंकलिपी छापून आणली. आपल्या लोकांच्या बोली गावोगाव बदलतात याची त्याला पुरती जाणीव होती. म्हणून त्याने आपल्या जन्मगावच्या आणि ल्युब्ल्याना शहराच्या बोलण्याचा आधार घेतला आणि ते शक्य तितक्या सर्वांना कळेल अशा बेताने लिहिले. त्याच्या मागून आलेल्या युरी दाल्मातिन याने १५८४ साली संपूर्ण बायबल स्लोव्हेनमध्ये आणले. या बायबलच्या शेवटी एक शब्दसूची जोडलेली आहे. अनुवादात वापरलेल्या शब्दाला करिंथिया, कार्स्ट, इस्त्रिया इत्यादी प्रदेशांत काय म्हणतात, हे तीत दिलेले आहे. ग्रंथभाषा घडविताना बोलींना दाराबाहेर उभे न करता ओसरीवर बसविण्याची ही रीत आम्हांस अनुकरणीय वाटते.

त्यानंतर प्रतिधर्मसुधारणेचा काळ आला. ल्युब्ल्यानाचे बिशप तोमाझ ह्रेन यांनी १६०० आणि १६०१ साली प्रॉटेस्टंट पुस्तकांच्या होळ्या केल्या. हा इतिहास झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच ह्रेन यांनी दाल्मातिनचे बायबल मात्र जाळले नाही. आपल्या धर्मगुरूंना ते वापरता यावे म्हणून त्यांनी रोमकडून अनुमती मिळविली. पुढे १६१२-१३ च्या सुमारास रविवारच्या शुभवर्तमानांचे आणि पत्रांचे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यासाठी येशूसंघीय धर्मगुरू यानेझ चान्देक यांनी परिश्रम घेतले होते. याच दशकात, १६१६ साली, त्याच येशूसंघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात छापले गेले, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. एकाच संघाची माणसे एकाच वेळी आल्प्सच्या पायथ्याशी आणि मांडवीच्या परिसरात लोकभाषेत शुभवर्तमान सांगण्याची धडपड करीत होती.

ग्रंथभाषेची वाट सर्व बोलींनी एकदम धरली नाही. प्रेकमुरिये हा पूर्वेकडील प्रदेश शतकानुशतके हंगेरीच्या राज्यात होता. तेथील लोकांपर्यंत ल्युब्ल्यानाची पुस्तके पोचत नव्हती, आणि पोचली तरी उमजत नव्हती. तेव्हा तेथील धर्मगुरू मिक्लोश क्युझमिच यांनी १७८० साली त्या प्रदेशाच्या बोलीतच शुभवर्तमानांचे पुस्तक छापले. त्याआधी १७७१ साली श्तेफान क्युझमिच या प्रॉटेस्टंट पाळकाने त्याच बोलीत नवा करार आणला होता. या दोघांमुळे एका बोलीला स्वतःची लेखनपरंपरा लाभली आणि ती विसाव्या शतकापर्यंत टिकली. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश युगोस्लाव्हियात आला, शाळांतून प्रमाण स्लोव्हेन शिकविली जाऊ लागली आणि प्रार्थनापुस्तकाची ती जुनी भाषा हळूहळू मागे पडली. राष्ट्राचे ऐक्य साधले. मात्र आजीच्या हातातील पुस्तक नातवाला परके झाले. या देवघेवीचा हिशेब मांडताना केवळ जमेची बाजू पाहणारे समीक्षक आम्हांस अपुरे वाटतात.

एकोणिसाव्या शतकात या भाषेला खरा वाचक मिळवून दिला तो बिशप अन्तोन मार्तिन स्लोमशेक यांनी. १८०० साली शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या बिशपांना पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९ सप्टेंबर १९९९ रोजी मारिबोर येथे धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यांच्या काळी शाळांची भाषा मुख्यतः जर्मन होती. स्लोमशेक यांनी रविवारच्या शाळा चालविल्या आणि १८४२ साली दोन खेडूत मुलांना नायक-नायिका करून त्या शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक लिहिले. श्रद्धेला ते दिव्याची आणि मातृभाषेला किल्लीची उपमा देत. १८५९ साली त्यांनी आपले धर्मपीठ मारिबोर येथे हलविले आणि स्टिरिया प्रांतातील विखुरलेले स्लोव्हेन धर्मग्राम एका धर्मप्रांताखाली आणले. त्यांच्याच प्रेरणेने १८५१ साली क्लागेनफुर्ट येथे संत मोहोर यांच्या नावाची ग्रंथप्रसारक संस्था स्थापन झाली. सभासदाने वर्षाकाठी अल्प वर्गणी भरावी आणि त्याबद्दल त्याला पुस्तकांचा एक संच मिळावा, अशी तिची योजना होती. गावोगावचे धर्मगुरू तिचे प्रतिनिधी म्हणून काम पाहत. पहिल्या महायुद्धापूर्वी तिच्या सभासदांची संख्या ऐंशी हजारांच्या वर गेली होती. त्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा थक्क करणारा आहे. आज या परंपरेच्या तीन संस्था ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट, स्लोव्हेनियातील त्सेल्ये आणि इटलीतील गोरिझिया अशा तीन देशांत कार्य करीत आहेत.

या पुस्तकांकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर त्यांतील बरीचशी बोधप्रधान आहेत. दारूचे दुष्परिणाम, मधमाश्यांचे संगोपन, संतांची चरित्रे, दिनदर्शिका, आणि त्यांच्या जोडीला एखादी कथा वा कादंबरी असे त्यांचे स्वरूप असे. चोखंदळ समीक्षकाने नाक मुरडावे अशी पाने त्यांत नक्कीच सापडतील. परंतु ज्या घरात त्यापूर्वी प्रार्थनापुस्तकापलीकडे छापील कागद क्वचितच आला होता, त्या घराच्या फडताळात दरवर्षी नव्या पुस्तकांची भर पडू लागली, हे विसरून चालणार नाही. पुढील पिढीतील थोर लेखकांना जो वाचक लाभला तो या संस्थेने घडविलेला होता. बोधवादी साहित्याला सरसकट कमी लेखण्याची आपल्याकडे जी प्रथा आहे, तिचा फेरविचार करण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

बोली आणि श्रद्धा यांचा संगम जेथे कलेच्या पातळीवर झाला, असे एक उदाहरण येथे नमूद केले पाहिजे. श्कोफ्या लोका या गावी १७२१ साली कापुचिन संघाचे फादर रोमुआल्ड यांनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य लिहून सिद्ध केले. स्लोव्हेन भाषेतील हा सर्वांत जुना उपलब्ध नाट्यग्रंथ होय. उत्तम शुक्रवारी गावातील रस्त्यांवरून मिरवणुकीच्या रूपाने तो सादर होई आणि त्यात भाग घेणारे सारे त्याच पंचक्रोशीतील असत. त्यातील भाषा बोलींच्या वळणाची आहे. व्याकरणाच्या कसोटीवर ती ओबडधोबड ठरेल, पण ख्रिस्ताच्या दुःखाविषयी आपल्याच अंगणातील माणूस बोलतो आहे, हा प्रत्यय ती देते. कालांतराने बंद पडलेली ही परंपरा १९९९ साली त्याच गल्ल्यांतून मोठ्या प्रमाणावर पुनरुज्जीवित झाली आणि २०१६ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

आता आमच्या विवेचनाच्या मध्यवर्ती विषयाकडे वळू. इटलीच्या ईशान्य टोकाला, चिव्हिदाले या शहराच्या वरच्या अंगाला डोंगराळ खोरी आहेत. या प्रदेशाला स्लोव्हेन लोक बेनेचिया म्हणतात. हा भाग पंधराव्या शतकापासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या प्रजासत्ताकाखाली होता. सीमेचे रक्षण करण्याच्या मोबदल्यात व्हेनिसने येथील लोकांना स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची मुभा दिली होती. गावप्रमुख लिंडेनच्या झाडाखाली दगडी मेजाभोवती बसून न्यायनिवाडा करीत. चिव्हिदालेजवळ स्तारा गोरा हे पवित्र मरियेचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. तेथील पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका हस्तलिखितात प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि प्रेषितांचा विश्वासांगिकार या भागात बोलल्या जाणाऱ्या स्लोव्हेन भाषेत लिहून ठेवलेले आहेत. १८६६ साली हा प्रदेश सार्वमताने इटलीच्या राज्यात गेला, तर बहुसंख्य स्लोव्हेन लोक ऑस्ट्रियाच्या अंमलाखालीच राहिले. याचा परिणाम दूरगामी ठरला. सीमेपलीकडील मुलांना निदान काही ठिकाणी स्लोव्हेन शाळा मिळाल्या. बेनेचियातील मुलांना केवळ इटालियन शाळाच मिळाली. मातृभाषा लिहिण्या-वाचण्याचे एकमेव ठिकाण उरले ते चर्च, आणि एकमेव पाठ्यपुस्तक उरले ते प्रश्नोत्तरी.

मुसोलिनीच्या राजवटीत त्यावरही घाला आला. १९३३ सालच्या उन्हाळ्यात उदिनेच्या प्रशासनाने बेनेचियातील चर्चमधून स्लोव्हेन भाषेतील प्रवचन, प्रार्थना आणि धर्मशिक्षण यांवर बंदी घातली. प्रश्नोत्तरीच्या प्रती जप्त करण्यात आल्या. १९२९ साली इटली आणि पोपपीठ यांच्यात झालेल्या करारातील बाविसावे कलम येथे आठवते. धर्मग्रामाच्या प्रमुखाला इटालियन आलीच पाहिजे, असे त्यात म्हटले होते. परंतु जेथे गरज असेल तेथे भाविकांच्या भाषेत त्यांची आध्यात्मिक सेवा करू शकतील असे साहाय्यक धर्मगुरू द्यावेत, अशीही त्यात तरतूद होती. तेव्हा ही बंदी त्या कराराच्या आशयाशी उघड विसंगत होती. वरिष्ठांचे वर्तन सर्वत्र सारखे नव्हते, हेही सांगणे न्यायाचे ठरेल. उदिनेच्या महागुरुस्वामींनी या प्रसंगी संघर्ष टाळला. उलट शेजारच्या गोरिझियाचे महागुरुस्वामी फ्रान्चिशेक सेदेय यांना याच राजवटीच्या दडपणाखाली १९३१ साली पद सोडावे लागले होते, आणि त्रिएस्तेचे बिशप लुइजी फोगार यांच्यावर तीच वेळ १९३६ साली आली. फोगार स्वतः स्लोव्हेन नव्हते. तरीही त्यांनी आपल्या कळपातील स्लाव्ह भाषिकांची बाजू घेतली. एवढ्यावरून हा वाद केवळ दोन जमातींमधील नव्हता, हे ध्यानी यावे.

या घटनेवर फ्रान्से बेव्क यांनी ‘कप्लान मार्तिन चेदेरमात्स’ ही कादंबरी लिहिली. बेव्क यांचा जन्म १८९० साली त्सेर्क्नोजवळील झाकोय्त्सा या खेड्यात झाला. ते इटलीच्या अमलाखालील भागातच राहिले आणि त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. कादंबरी १९३८ साली सीमेपलीकडे ल्युब्ल्यानात प्रसिद्ध झाली, तीही पाव्ले सेद्माक या टोपणनावाने. खऱ्या नावाने ती प्रसिद्ध करण्यात काय धोका होता, हे उघड आहे. नायक मार्तिन चेदेरमात्स हा बेनेचियातील एका डोंगरी गावाचा प्रौढ धर्मगुरू. बहीण कातिना त्याचे घर सांभाळते. या पात्राच्या मागे लाझे गावचे धर्मगुरू अन्तोन कुफोलो यांची प्रेरणा असल्याचे मानले जाते.

कादंबरीचे सामर्थ्य आमच्या मते तिच्या नायकाच्या द्विधेत आहे. धर्मगुरू होताना त्याने आज्ञापालनाचे वचन दिले आहे. आता वरिष्ठांचे मौन आणि शासनाची आज्ञा एका बाजूला उभी आहे, तर आपल्या लोकांना समजेल अशा भाषेत शुभवर्तमान सांगण्याचे कर्तव्य दुसऱ्या बाजूला. शासनाविरुद्ध उभे राहणे त्याला कठीण वाटते, पण आपल्या महागुरुस्वामींपुढे उभे राहणे त्याहून कठीण वाटते. ही व्यथा ज्याला धर्मसंस्थेचे अंतरंग ठाऊक नाही त्याला चित्रित करता येणार नाही. बेव्क पुढे युद्धकाळात डाव्या मुक्तिलढ्यात सामील झाले आणि युद्धोत्तर राजवटीत त्यांना मानाची पदे लाभली. तरीही धर्मगुरूच्या सदसद्विवेकबुद्धीचे एवढे सहानुभूतीचे चित्रण त्यांच्या हातून झाले, यात त्यांच्या कलावंत म्हणून प्रामाणिकपणाची साक्ष आहे. चेदेरमात्स हा संत नाही. तो भितो, रागावतो, थकतो, स्वतःविषयी साशंक होतो. त्याच्या भोवतीचे धर्मबंधूही एका छापाचे नाहीत. कोणी नमते घेतो, कोणी चडफडतो, कोणी आपल्या नमते घेण्याला शहाणपणाचे नाव देतो. अशा व्यक्तिचित्रांमुळेच चेदेरमात्स हे विशेषनाम पुढे सामान्यनाम झाले. बेनेचियात आपल्या लोकांची भाषा जपणाऱ्या धर्मगुरूंना आजही त्याच नावाने ओळखतात. एखाद्या कादंबरीला याहून मोठी पावती कोणती मिळणार?

असे असले तरी या कादंबरीची एक मर्यादा आम्हांस खटकते. ज्या भाषेच्या मुस्कटदाबीची ही कहाणी आहे, ती कादंबरीत अपवादानेच ऐकू येते. बेव्क यांनी लिहिण्यासाठी प्रमाण स्लोव्हेन निवडली. बंदी मात्र पडली होती खोऱ्यातील बोलीवर, आयाबायांच्या प्रार्थनेवर. ज्या शेतकऱ्यांच्या दुःखाविषयी पुस्तक लिहिले गेले त्यांना ते सीमेमुळे मिळणे दुरापास्त होते. मिळाले असते तरी शाळेत केवळ इटालियन शिकलेल्या त्या माणसांपैकी कितीजणांना ते सहज वाचता आले असते? कादंबरीचा अपेक्षित वाचक ल्युब्ल्यानाचा सुशिक्षित माणूस आहे, आणि त्याच्यासमोर बेनेचियाचा माणूस राष्ट्राच्या वेदनेचे प्रतीक म्हणून उभा केलेला आहे. प्रतीक झालेल्या माणसाचे बोलणे ऐकण्याची कोणाला फारशी गरज वाटत नाही. बेव्क यांच्यापुढे दुसरा मार्ग होता का? त्या परिस्थितीत बहुधा नव्हता. बोलीत लिहिलेल्या कादंबरीने साऱ्या स्लोव्हेन जगताला हलविले नसते. म्हणून हा दोष आम्ही लेखकाच्या माथी मारीत नाही. पण ही उणीव आहे हे नोंदविल्याशिवाय या ग्रंथाचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

याच भूमीतील धर्मगुरू इव्हान त्रिंको यांनी हा पेच आपल्या परीने सोडविला. १८६३ साली तार्चमून या खेड्यात जन्मलेल्या त्रिंको यांना शाळेत मातृभाषा शिकावयास मिळाली नाही. ग्रंथभाषा त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केली. उदिनेच्या गुरुविद्यालयात ते दीर्घकाळ तत्त्वज्ञान शिकवीत. १८९७ साली त्यांचा काव्यसंग्रह गोरिझिया येथे प्रसिद्ध झाला. इटालियन वाचकांसाठी त्यांनी स्लोव्हेन भाषेचे व्याकरण लिहिले आणि स्लाव्ह साहित्याचे इटालियन अनुवाद केले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक पुढे याच खोऱ्यांतील धर्मग्रामांत गेले. आपल्या लोकांची बाजू मांडताना त्यांनी शेजाऱ्याच्या भाषेचा द्वेष केला नाही, हे आम्हांस विशेष वाटते. स्वतःच्या भाषेवरील प्रेम आणि दुसऱ्याच्या भाषेचे ज्ञान या दोन गोष्टी त्यांच्या ठायी गुण्यागोविंदाने नांदल्या.

पुढे काळ बदलला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना मुक्तद्वार दिले. बेनेचियात ‘दोम’ हे धार्मिक नियतकालिक १९६६ पासून निघू लागले. श्पेतेर या गावी १९८४ साली खासगी प्रयत्नांतून द्विभाषिक शिक्षण सुरू झाले आणि २००१ च्या कायद्याने इटलीतील स्लोव्हेन अल्पसंख्याकांना संरक्षण दिले. २००७ साली सीमेवरील तपासणी नाके बंद झाले. २०२५ साली सीमेच्या दोन बाजूंची नोव्हा गोरित्सा आणि गोरिझिया ही शहरे एकत्रितपणे युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून गौरविली गेली. पण कायदे आले तोवर माणसे निघून गेली होती. खाणकामासाठी आणि मजुरीसाठी झालेले स्थलांतर आणि १९७६ चा फ्रिउली प्रदेशातील भूकंप यांनी डोंगरातील गावे ओस पाडली. द्रेका या एका ग्रामक्षेत्रात एकेकाळी हजारावर लोक राहत. आज तेथे शंभराच्या आसपास माणसे उरली आहेत. शासनाच्या बंदीला जी बोली पुरून उरली, तिला रिकाम्या घरांनी हतबल केले.

शेजारच्या रेझिया खोऱ्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तेथील बोलीचा अभ्यास बोदुएँ द कुर्तने या विख्यात भाषाशास्त्रज्ञाने १८७३ पासून केला. पुढे मिल्को मातिचेतोव यांनी तेथील प्राणिकथा गोळा करून १९७३ साली प्रसिद्ध केल्या. भाषाशास्त्रज्ञ या बोलीची गणना स्लोव्हेनमध्ये करतात. परंतु रेझियातील अनेकांना स्वतःस स्लोव्हेन म्हणविणे मान्य नाही. आमची बोली ही आमचीच, असा त्यांचा आग्रह आहे. काही अभ्यासक या आग्रहाची थट्टा करतात. आम्हांस ते अयोग्य वाटते. बोलीचे शास्त्रीय नाते विद्वानाने सांगावे, पण आपण कोण हे सांगण्याचा अधिकार ती बोलणाऱ्या माणसाचा आहे. इटालियन शासनाने बेनेचियातील माणसाला त्याची ओळख वरून बहाल करण्याचा प्रयत्न केला आणि तो अन्याय ठरला. तोच प्रयत्न भाऊबंदांनी प्रेमापोटी केला म्हणून न्याय्य ठरत नाही.

हे सारे आपल्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण त्यांनी ओळखले असेलच. १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज शासनाने कोंकणीच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि लोकांना पोर्तुगीज शिकण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली. आपल्या वसई भागात सामवेदी आणि वाडवळी बोलणारी कॅथलिक कुटुंबे आहेत. त्यांच्यावर आज कोणी बंदी घातलेली नाही. चर्चमध्ये मराठी आहे, शाळेत बहुधा इंग्रजी आहे आणि घरात, निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडी, बोली आहे. आपली नियतकालिकेही प्रमाण मराठीतच निघतात, आणि प्रस्तुत लेखही त्याच भाषेत लिहिला आहे. बेव्क यांच्या कादंबरीविषयी आम्ही जो आक्षेप घेतला तो आपल्यालाही लागू होतो. बोलीविषयीचा जिव्हाळा आपण प्रमाण भाषेत व्यक्त करतो, आणि ती बोली आपल्या पानांवर क्वचितच येते.

स्लोव्हेनांच्या अनुभवातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. ग्रंथभाषा नसेल तर लहान समाज विखुरला जातो. स्लोमशेक यांनी ती घराघरांत नेली नसती तर त्या लोकांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्याचबरोबर, बोली केवळ गौरवाचा विषय झाली आणि तिच्यात मुलाला प्रार्थना शिकविणारे कोणी उरले नाही, तर पुतळे, पुरस्कार आणि कायदे तिला तारू शकत नाहीत. बेनेचियात धर्मगुरूंनी प्रश्नोत्तरीच्या प्रती लपवून ठेवल्या त्या बोलीचे संग्रहालय उभारण्यासाठी नव्हे. पुढल्या रविवारी मुले येणार होती आणि त्यांना काहीतरी शिकवायचे होते, म्हणून त्यांनी त्या लपविल्या.

भाषा ही देव नव्हे, हेही येथे बजावले पाहिजे. भाषेच्या नावाने शेजाऱ्याचा द्वेष करणाऱ्यांना चेदेरमात्सची साक्ष काढता येणार नाही, कारण त्याचा लढा आपल्या माणसांना शुभवर्तमान कळावे यासाठी होता. या अर्थी तो फ्रायझिंगच्या पोथीत पापनिवेदनाची प्रार्थना उतरवून घेणाऱ्या त्या अनाम लेखनिकाचा वारस ठरतो. ‘कप्लान मार्तिन चेदेरमात्स’ या कादंबरीचा मराठी अनुवाद व्हावा, आणि त्यातील खेडुतांचे संवाद अनुवादकाने आपल्या एखाद्या बोलीत आणून पाहावेत, असे आम्हांस मनापासून वाटते. मूळ लेखकाला परिस्थितीने जे करू दिले नाही ते अनुवादात साधता आले, तर मराठी वाचकाला एक चांगली कादंबरी मिळेल आणि आपल्या बोलीलाही ग्रंथाच्या पानावर हक्काची जागा लाभेल. हे काम एखाद्या तरुण अनुवादकाने हाती घ्यावे.